बर्फातलं गाऱ्हाणं

देवाशी भांडून मी प्रवासाला निघाले होते, हे आधीच सांगून टाकते. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पावसजवळच्या आमच्या घरी मी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, डिंक-अळीव आणून ठेवले होते. आणि शिमल्याहून लेकीचं पत्र आलं की डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली आहे. पाठोपाठ जावयांची तार आली. ते मिलिटरीत. त्यांना सरहद्दीवरच्या चौकीवर जायचा हुकूम आला होता, तुम्ही ताबडतोब या, म्हणून कळवलं होतं. परक्या मुलखात, दिवस भरत आलेली माझी पोर एकटी. मी तडक आमच्या ग्रामदेवाच्या, भैरीच्या देवळात गेले आणि हातातला नारळ देवापुढे न ठेवता त्याला दाखवला फक्त. म्हटलं, "हा मी बरोबर घेऊन चालले. मला वेळेवर पोचवलंस तर लेकीच्या दारात वाढवीन. नाहीतर तुझा नारळ तुला परत."

तेव्हा आमच्याकडे रेल्वे कुठली? हातखंब्याहून एसटीने मुंबई, आणि तिथून पुढे आगगाडी. बरोबर आमचे हे होते. त्यांची मुंबईत नोकरी झालेली, त्यामुळे हिंदी आपल्याला येतं अशी त्यांची समजूत. दिल्ली मागे पडली, कालका आलं, तिथे छोट्या गाडीत बसलो आणि ती गाडी वळणं घेत डोंगर चढू लागली. वर वर गेलो तसे झाडांवर, छपरांवर पांढरे थर दिसायला लागले. डोंगरावर कोणी ओल्या खोबऱ्याचा कीस पसरून ठेवला आहे असं वाटलं मला. लेकीची काळजी होतीच, पण खोटं कशाला बोलू, ते बघून जीव हरखला.

पुढे एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. रुळांवर बर्फ पडलंय, माणसं खोऱ्यांनी काढतायत, कधी निघू सांगता येत नाही, असं गार्ड सांगून गेला. माझ्या पायात आपल्या नेहमीच्या अंगठ्याच्या चपला. समोरच्या बाकावरच्या पहाडी म्हातारीला माझे पाय बघवेनात. तिने गाठोड्यातून लोकरीचे मोजे काढून दिले. मोजे घातले तर अंगठा चपलेत जाईना. मी तशीच मोज्यांवर चपला फरफटत डब्यात दोन फेऱ्या मारल्या तेव्हा म्हातारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मलाही हसू आवरलं नाही.

पण दुपार कलली, बर्फ पडतच होतं, आणि माझा धीर सुटत चालला. मी पिशवीतून नारळ काढला आणि ह्यांना म्हटलं, "गाऱ्हाणं घाला." आमच्याकडे एकाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. गाऱ्हाणं घालणं हे पुरुषांचं काम. ह्यांनी इकडे तिकडे बघितलं. "अगो, गप बस. लोक काय म्हणतील?"

मग मीच उभी राहिले. "बा देवा भैरी महाराजा, तुझी लेकरं आज परमुलखात अडकली आहेत. वाटेतलं बर्फ दूर कर महाराजा. इंजिनाला जोर दे, ड्रायव्हरला बुद्धी दे, मला आजच्या आज लेकीपाशी पोचव." ह्यांनी खिडकीकडे तोंड करून हळूच "व्हय महाराजा" म्हटलं. शेजारच्या सरदारजींनी हे काय चाललंय म्हणून विचारलं. ह्यांनी आपल्या हिंदीत समजावलं, आणि काय सांगू, पुढच्या मागण्याला अख्खा डबा ओरडला, "व्हय महाराजा!" पोरंसोरं हसत होती, मीही हसत होते. तेवढ्यात बाहेर नजर गेली. बर्फ काही थांबलं नव्हतं. आणि मनात नव्हतं ते माझ्या तोंडून गेलं, "मी नाही पोचले तरी चालेल महाराजा. माझ्या पोरीपाशी तेवढी एक आई असू दे. कुठली का असेना." मराठी कोणाला कळत नव्हतं, पण आता कोणी हसलं नाही. "व्हय महाराजा," सगळे म्हणाले. मोजेवाली म्हातारी सगळ्यांत मोठ्याने.

गाडी दुसऱ्या दिवशी सुटली. आम्ही लेकीच्या दारात पोचलो तेव्हा ती गादीवर टेकून बसली होती, कुशीत नात, आणि एक अनोळखी बाई तिला चमच्याने गरम शिरा भरवत होती. वरच्या मजल्यावरची शेजारीण. नळ गोठले म्हणून आदल्या दिवशी ती पाणी आहे का विचारायला खाली आली, तर लेक कळांनी कळवळत होती. तिने नवऱ्याला नर्सला आणायला पिटाळलं आणि स्वतः हलली नाही. लेक म्हणाली, "कळ आली की मी ‘आई गं’ म्हणायची, आणि दर वेळी ही ‘हां बेटी’ म्हणायची." हे बोटांवर वेळ मोजायला लागले, आपलं गाऱ्हाणं कधी, हिच्या कळा कधी. मी म्हटलं, राहू दे. मला आधी थोडा हेवाच वाटला होता त्या बाईचा. मग मी तिच्या गळ्यात पडून पोटभर रडले. दारात नारळ वाढवला आणि त्यातली एक वाटी तिच्या ओटीत घातली.

इतकी वर्षं मी देवाला काम सांगायचे, आणि ते कसं करायचं तेही मीच सांगायचे. त्या दिवसापासून नुसतं काम सांगते.

पुढच्या शिमग्याला लेक नातीला घेऊन माहेरी आली. पालखी अंगणात आली, मानकरी गाऱ्हाण्याला उभे राहिले, तेव्हा मी पुढे होऊन त्यांना शेजारणीचं नाव सांगितलं. "कोण गो ही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लेकीची आई." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, तिकडे बर्फाच्या डोंगरात आमच्या या माहेरवाशिणीची एक आई आहे. तिची आणि तिच्या लेकराबाळांची राखण कर." वाडीतल्या एकानेही तिला कधी बघितलं नव्हतं. तरी सगळं अंगण म्हणालं, "व्हय महाराजा." त्यात सगळ्यांत मोठा आवाज आमच्या ह्यांचा.