कंदिलाची तार

घंटा वाजत होती, रेल्वेफाटकाचा दांडा खाली येत होता, आमची गाडी बरोबर रुळांवर अडली होती, आणि आमचे व्याही मला म्हणत होते, "विहीणबाई, आधी तुम्ही उतरा. सावकाश. पदर दारात अडकेल." इतका मान देणारा माणूस जगात दुसरा नसेल, आणि त्या मानापायीच मी त्या दिवशी मरणार होते.

व्याही म्हणजे माझ्या जावयाचे वडील. टोकियोत निशी-कसाईला मुलांच्या घरी आम्ही दोघंही राहायचो. मी बसल्याशिवाय ते बसत नसत. एकदा मी आमटीत मीठ विसरले, तर तीन वाट्या प्यायले आणि "उत्तम" म्हणाले. शेजारचे जपानी आजोबा आणि आमचे व्याही लिफ्टसमोर एकमेकांना वाकून आत जायचा आग्रह करत राहायचे आणि लिफ्ट रिकामीच वर जायची. मी तोवर जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर.

मोठ्या भूकंपाच्या दिवशी आगगाड्या बंद पडल्या आणि जावई ऑफिसातून चालत घरी आला. तेव्हापासून व्याह्यांनी धरलं, की आपल्या हातानं उघडून दुरुस्त करता येईल अशी एक गाडी घरात हवी. पुण्यात जन्म वर्कशॉपमध्ये गेलेला. त्यांनी डबीएवढी एक जुनी गाडी आणली आणि एका मेकॅनिकच्या शेडमध्ये तिचा गिअरबॉक्स उघडून बसले. मी डबा घेऊन गेले की मला समजावायचे. आत दांड्यांवर काटे असतात, काटा सरकला की गिअर पडतो. काटा दांडीला एका स्क्रूनं धरलेला असतो, आणि तो स्क्रू फिरू नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधतात. "यंत्राला भीड नसते, विहीणबाई. सैल राहिलं की सुटणार." प्रत्येक स्क्रू तीनदा तपासायचे.

आणि त्या दिवशी, दिवाळीची फुलं आणायला निघालो असताना, रुळांवर गिअरचा दांडा आमटीतल्या पळीसारखा नुसता फिरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. मी उतरले आणि मागून ढकलायला लागले. व्याही म्हणाले, "तुम्ही नका, कंबर दुखेल." मी म्हटलं, "गप ढकला." फाटकाबाहेरच्या एका जपानी बाईनं धोक्याचं लाल बटण दाबलं, आगगाडी लांबच थांबली, मग ती बाईही ढकलायला आली. आम्ही पलीकडे पोचलो.

"तार बांधली नव्हती?" मी विचारलं.

"नव्हती."

"का?"

"तुमच्या कंदिलाला आहे ती."

बाल्कनीतला आकाशकंदील मी घरात सापडलेल्या तारेनं टांगला होता. तेवढीच शिल्लक होती.

"मग काढून घ्यायची."

"तुम्ही सणाचा टांगलेला. कसा काढणार?"

"मागायची तरी."

"बरं दिसलं नसतं. आणि फुलांचा शब्द दिला होता तुम्हाला. म्हटलं स्क्रू घट्ट आवळलाय, दिवाळीपुरता निभेल."

घरी येऊन मी पक्कड घेतली आणि कंदील खाली पाडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती तार स्क्रूला पिळली, मी बॅटरीचा उजेड धरला.

पुढं दर दिवाळीला माझ्या कंदिलाच्या खोक्यावर नव्या तारेचं एक वेटोळं ठेवलेलं असायचं. कोणी ठेवलं ते व्याही कधी बोलले नाहीत.

मागच्या पावसाळ्यात व्याही गेले. यंदा खोक्यावर तार नव्हती, कंदील सुतळीनं टांगला. त्या रुळांवरून आम्ही दोघं जिवंत आलो होतो. आता मी एकटीच आहे.