शनिवारी यायचे होते

रुमालावर निलगिरीचे थेंब टाकले की मला सुरतमधले प्लेगचे दिवस आठवतात. बाबा परदेशी विमान कंपनीत पायलट होते. सहा आठवडे तिकडे विमानं उडवायची, मग दोन आठवडे घरी, असा करार. त्या शनिवारी त्यांची घरी यायची पाळी होती. आमची गल्ली रोज थोडी रिकामी होत होती, गटारांवर टाकलेल्या पावडरीचा उग्र वास घरात येत होता, आणि आई माझ्या तोंडाला निलगिरीचा रुमाल बांधून ठेवायची. समोरचे काका ट्रकमध्ये बिऱ्हाड भरून धुळ्याला निघाले, तेव्हा म्हणाले, "वहिनी, जागा आहे, चला." आई म्हणाली, "हे शनिवारी येताहेत. दाराला कुलूप बघून कुठे जातील?" ट्रक गेला. आईने बाबांची गादी गच्चीत उन्हाला घातली. शुक्रवारी फोन आला. आईच्या गालाला गाल लावून मीही ऐकत होते. विमानाला उशीर झाला की प्रवाशांना सांगतात, त्या शांत आवाजात बाबा म्हणाले, "सुरतला जाऊन आलेल्याला कंपनी परत ड्युटीवर घेणार नाही. या खेपेला मी इथेच थांबतो. पाणी उकळून प्या." आईने विचारलं, "आणि आम्ही?" ते म्हणाले, "तुम्ही एव्हाना निघायला हवं होतं." आईने फोन ठेवला. गादी मात्र तिने खाली आणलीच नाही. आता बाबा निवृत्त आहेत, घरात एकटेच असतात. परवा त्यांनी फोनवर विचारलं, कधी येतेस. मी तितक्याच शांत आवाजात सांगितलं, या खेपेला जमणार नाही.