लेकीच्या बिऱ्हाडी

बऱ्हाणपूर स्टेशनावर मला पोचवायला तुम्ही सगळ्या जावा आणि शेजारणी आला होतात. सगळ्यांचे डोळे ओले, माझेही. कोरडी फक्त माझी लेक वत्सला. ती हमालाशी हुज्जत घालत होती, "पेटी ऊपर नहीं, नीचे रखो." गाडी हलली तसा मी तोंडाला पदर लावला, तर म्हणते, "माय, काय रडून राहिली? खंडवा काही विलायतेत नाही." चांदनी स्टेशन मागे पडलं तरी मी तिच्याशी बोलले नाही.

तुम्हाला वाटत असेल, सुटली बाई. लेक मास्तरीण झाली, आता आयतं बसून खाते. खरं आहे. तेच तर सोसत नाही. वत्सलाचे वडील गेले तेव्हा ती दुसरीत होती. तिला शाळेतून काढा म्हणून भाऊजी हात धुऊन मागे लागले होते. साऱ्या घराच्या भाकरी एकटीनं थापून मी तिची शाळा राखली. पुढे ती जबलपूरला मास्तरकीचं शिकली आणि खंडव्याच्या मुलींच्या शाळेत लागली. मला वाटलं, आता मी तिचं घर चालवीन. येऊन बघते तर घर आधीच चालू! स्टोवर भात चटकन होतो, पीठ गिरणीतून येतं, पाणी पाणक्या भरतो. मी भांड्याला हात लावला की हिचं सुरू, "माय, तू बस." बसून बसून माणूस दगड होतो, बायांनो.

म्हणून मी एक काम हाती घेतलं. भाऊजींना कळवून तिच्यासाठी स्थळ आणलं. मुलगा तहसिलीत कारकून, माणसं बरी. वत्सलाला मी सांगितलं ते ती माणसं यायच्या दिवशी, सकाळी. तिनं पोहे केले, चहा स्वतः आणून दिला आणि मुलाच्या वडिलांसमोर उभी राहून म्हणाली, "नोकरी मी सोडणार नाही. माय माझ्याजवळच राहील. हे चालत असेल तर पुढचं बोलू." चहा तसाच राहिला. माणसं उठली.

"माझी अब्रू घालवलीस," मी ओरडले.

"तू मला विचारलं होतं?"

"मला कुणी विचारलं होतं, माझ्या वेळेला?"

"नाही ना," ती म्हणाली. "मग?"

त्या 'मग'चा मला असा राग आला की दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली आणि बऱ्हाणपूरची गाडी धरली. पुढचं तुम्ही पाहिलंच. मी वाढत होते आणि भाऊजी म्हणाले, "आम्ही तेव्हाच बोललो होतो, वहिनी. पोरगी शिकवली की हातची जाते." मी नेमकं हेच म्हणायला आले होते. पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि अंगाची लाही झाली. म्हटलं, "तिनं काय वाईट सांगितलं? आईला सांभाळीन म्हणाली. तुमच्या पोरांपैकी कुणी म्हणालं का असं?" भाऊजींचा घास हातातच राहिला.

सकाळच्या गाडीनं परत फिरले. दाराला कुलूप, वत्सला शाळेत, आणि शेजारीणही घरी नाही. दुपारभर पायरीवर बसले. जाणारी येणारी विचारत, "मास्तरीणबाईंच्या कोण तुम्ही?" संध्याकाळी ती आली. रडली नाही, रागावली नाही.

"जेवलीस का?"

"नाही. आणि मला किल्ली पाहिजे. माझी वेगळी."

तिनं आतून दुसरी किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. "होतीच की. तूच कधी बाहेर पडली नाहीस."

बऱ्हाणपूरच्या आपल्या घराला मी कधी कुलूप पाहिलं नाही. घरात कुणी ना कुणी बाई असायचीच, आणि ती बहुतेक मीच असायचे. आता दार ओढून बाहेर पडता येतं ते घर माझं, असं मी धरून चालले आहे. पण बाहेर पडून जायचं कुठं, ते या वयात कळत नाही. आणि वत्सलाला तर मी ते मुळीच विचारणार नाही.