तीनदा पलटी

ग्लायडर उडवणारा माणूस बहुतेक वेळ जमिनीवरच काढतो. एक जण वर आणि बाकीचे सात जण खाली बाभळीच्या सावलीत, वाऱ्याची नाहीतर आपल्या पाळीची वाट बघत. अशा ठिकाणी किस्से साठणार नाहीत तर काय होणार? उड्डाण पंधरा मिनिटांचं आणि त्यावर गप्पा पंधरा वर्षं!

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. बदनापूरच्या पुढे एका माळावर आमचा लहानसा ग्लायडिंग क्लब होता. पत्र्याची शेड, दोन जणांचं एक ग्लायडर आणि जुन्या ट्रकच्या इंजिनावर बनवलेली विंच. विंच म्हणजे तार गुंडाळणारा भलामोठा रहाट. माळाच्या त्या टोकाला तार भराभर गुंडाळली की या टोकाचं ग्लायडर पतंगासारखं वर जायचं. वर गेलं की तार सोडून द्यायची, पुढे तुम्ही आणि वारा. विंच चालवायचे करीमभाई, मूळचे ट्रक मेकॅनिक. शिकवायचे हवाई दलातून निवृत्त झालेले जोशी सर. मी जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला, आणि सुट्टी आली की फटफटी काढून माळावर.

सर हवेतल्या कसरतींचे वस्ताद, आणि मला नेमकं तेच शिकायचं होतं. अडचण एकच, आई. ती आष्टीला राहायची. तिनं बजावून ठेवलं होतं, "उडायचं तर उड दत्तू, पण सरळ उड. उलटंपालटं केलंस तर माझी शप्पथ हाये, बिलकुल बंद." सरांचाही नियम होता की घरचे नाही म्हणाले तर त्या माणसाला ग्लायडरला हात लावू द्यायचा नाही. मी या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवून शिकत होतो. मन खात होतं, पण शिकत होतो.

*

करीमभाईंनी दोन वर्षं आम्हाला वर पाठवलं, स्वतः कधी बसले नाहीत. एक दिवस म्हणाले, "सर, एक बार मलाबी ते गोल फिरवून दाखवा."

सरांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टे आवळले, स्वतः मागे बसले. वर गेल्यावर नाक खाली घालून वेग घेतला आणि नाक वर-खाली करायचा दांडा मागे ओढून पूर्ण गोल चढवला. गोलाच्या माथ्यावर माणूस उलटा होतो आणि क्षणभर वजनच उरत नाही. तेवढ्यात करीमभाईंच्या खिशातली चुन्याची डबी तरंगत बाहेर आली आणि उघडली. पुढची सगळी काच पांढरी.

पुढून शांत आवाज आला, "सर, ढगात घुसलो का काय?"

सरांनी बाजूच्या छोट्या खिडकीतून बघत बघत ग्लायडर उतरवलं. उड्डाणाआधी काय तपासायचं याची यादी आमच्या फळ्यावर असायची. दुसऱ्या दिवसापासून ती अशी झाली: पट्टे, काच, दांडा, चुना.

*

एकदा वारा पडला आणि मला माळापर्यंत परतता येईना. ज्वारी काढलेल्या एका रानात उतरलो. शेतकरी धावत आला. मी धड आहे हे बघितल्यावर म्हणाला, "डिझेल संपलं का? पंपाचं हाये, देऊ का?"

"याला इंजिनच नसतं, मामा."

त्यानं ग्लायडरभोवती सावकाश एक फेरी मारली. पुढे वाकून बघितलं, शेपटीखाली बघितलं. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "साहेब, फसवलं तुमाला."

मग घरी नेऊन त्यानं मला जेवू घातलं. फसलेल्या माणसाला वाढावं तसं आग्रहानं वाढलं.

*

सगळ्यात भीती वाटायची ती गिरकीची. वेग फार कमी झाला की एक पंख पडतो आणि ग्लायडर गरगरत खाली जायला लागतं. उपाय सोपा आहे. उलट्या बाजूचं पायाखालचं पेडल दाबायचं, दांडा पुढे करायचा. पण जमीन फिरताना दिसली की हातपाय लाकडासारखे होतात.

माझ्या पहिल्या गिरकीत तेच झालं. मागून सरांनी विचारलं, "काल रात्री काय जेवलास?"

"पिठलं, सर."

"कोरडं का पातळ?"

"पातळ," म्हणेपर्यंत माझ्या पायानं आणि हातानं आपापलं काम करून टाकलं होतं. आम्ही सरळ झालो होतो.

खाली उतरल्यावर सर म्हणाले, "घाबरायला डोकं लागतं. ते मी पिठल्यात गुंतवलं."

*

शेवटी सरांनी मला एकट्याला कसरतीसाठी सोडलं, तो शनिवार होता. उन्हानं तापलेल्या काळ्या रानावरून उठणारी हवा धरून मी खूप वर गेलो. नाक खाली घातलं, वारा शिट्टी मारायला लागला, दांडा ओढला. माथ्यावर शिट्टी थांबली आणि जालन्याचा रस्ता डोक्यावर आला. मी एकटाच मोठ्यानं हसलो. इतका आनंद मला त्याआधी कशानं झाला नव्हता. मग आणखी दोनदा केलं.

त्या दिवशी आष्टीचे नामदेवतात्या बियाणं बघायला बदनापूरला आले होते आणि ग्लायडर दिसलं म्हणून माळावर आले. वर कोण आहे ते त्यांना करीमभाईंनी सांगितलं. तात्या संध्याकाळी गावी पोचले ते थेट आमच्या घरी, आणि कौतुकानं बोलले, "वैनी, तुमच्या दत्तूचं इमान आज पलटी झालं. एकदा न्हाई, तीनदा!" चहालाही न थांबता ते पुढच्या घरी सांगायला गेले.

आमच्याकडे पलटी होतो तो ट्रक, नाहीतर बैलगाडी.

रविवारी सकाळी माळावर माझ्या मामाची जीप आली. मागे गादी अंथरलेली होती, मला आडवं घालून न्यायला. मी शेडसमोर चहा पीत उभा होतो. आई उतरली ती थेट माझ्याकडे आली. आधी माझे हात चाचपले, मग खाली बसून गुडघे. मला स्वतःची लाज वाटली.

"तात्या म्हनले पलटी झालं."

"झालं न्हाई, माय. मीच केलं."

"तीन बार?"

"तीन बार."

सर दारात येऊन उभे राहिले. आता ही नाही म्हणणार आणि आपलं उडणं संपणार, हे मला कळून चुकलं. आईनं ग्लायडरकडे बघितलं. जवळ गेली, पंखावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.

"साहेब, हेच का ते?"

"हेच, ताई."

"कुठं चेपलंबी न्हाई?"

"नाही, ताई."

तिनं वाकून ग्लायडरच्या पोटाखालीही बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"तुझी फटफटी एकदाच पलटी झाल्ती, तर दीड महिना पाय प्लास्टरात होता," ती म्हणाली. "ती इकून टाक. कुठं जायचं ते ह्याच्यातच जात जा."