ताईंची विचारपूस

ताईंना कुणी "कशा आहात?" असे विचारले की त्या "मी बरी" म्हणून लगेच उलट विचारत, "पण तुमचं काय? चेहरा उतरलाय तुमचा." चेहरा उतरलेला नसला तरी हे ऐकल्यावर उतरत असे. काळजी करणे हा त्यांचा स्वभाव होता आणि नशिबाने नोकरीही काळजी करण्याचीच मिळाली होती. लोकांना छंद एकीकडे आणि पोट दुसरीकडे नेते. ताईंना दोन्ही एकाच खुर्चीत बसून साधले होते.

दवाखान्यांच्या वेळा ठरवून देणाऱ्या एका कंपनीत त्या सर्व्हर सांभाळत. लोक घरबसल्या फोनवरून डॉक्टरची वेळ मागत. ती मागणी आधी लोड बॅलन्सरकडे येई आणि तो, रांगेपाशी उभा राहिलेला शिपाई "तुम्ही या खिडकीला, तुम्ही त्या" म्हणतो तसा, प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या सर्व्हरकडे धाडत असे. खिडकी बंद असेल तर तिथे माणूस पाठवून काय उपयोग? म्हणून बॅलन्सर दर थोड्या वेळाने एकेका सर्व्हरला हाक मारी, "आहेस का?" उत्तर आले की काम चालू, नाही आले की तो यादीतून बाद. याला हेल्थ चेक म्हणतात. ताई विचारपूस म्हणत, आणि त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून सगळे ऑफिसच विचारपूस म्हणू लागले होते.

ही विचारपूस त्या वर्षानुवर्षे हाताने लावत आल्या होत्या. कुणाला किती वेळाने हाक मारायची, उत्तराची किती वाट बघायची, किती वेळा गप्प राहिला तर बाद करायचा, हे सगळे प्रत्येकाची प्रकृती बघून. एक जुना सर्व्हर होता, त्याला उत्तर द्यायला वेळ लागे. त्याला त्या जरा जास्त सवड देत. "म्हातारा आहे, पण कामाला वाघ आहे," असे म्हणत.

घरी त्यांचे एक म्हातारे होते. म्हणजे त्यांच्या घरी नव्हते, हेच तर दुखणे होते.

ताईंचे बाबा शिंपी. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. आई गेल्यावर एकटेच. पुढच्या खोलीत खिडकीशी पायाने चालवायचे शिलाई मशीन, भोवती लोकांचे कोट, पडदे, उसवलेल्या पँटी. नवे कपडे आता फारसे कुणी शिवून घेत नसे, पण पोट सुटले म्हणून कोट सैल करून घेणारे पुष्कळ होते, आणि बाबांच्या म्हणण्याप्रमाणे जोवर माणसे जेवतात तोवर शिंप्याला मरण नाही.

गेल्या थंडीत बाबा न्हाणीघरात घसरून पडले. खालच्या मजल्यावरच्या काकू वर गेल्या म्हणून ते सापडले. हाड मोडले नव्हते, पण ताईंचे धाबे जे दणाणले ते दणाणलेच. तोवर त्या आठवड्यातून एकदा निवांत फोन करत. आता सकाळी एक, जेवणाआधी एक, दुपारी एक, दिवेलागणीला एक. बाबांनी पहिल्या घंटीत उचलला नाही की लगेच काकूंना फोन. काकू म्हणत, "थांब हं," आणि थोड्या वेळाने सांगत, "आहेत गं, छान आहेत." तेवढ्यापुरता ताईंचा जीव भांड्यात पडे.

शेवटी एका रविवारी त्यांनी बाबांना समोर बसवून सांगितले, "बाबा, माझ्याच्यानं होत नाही आता हे. पुढच्या वेळी फोन उचलला नाहीत, तर सरळ माझ्याकडे राहायला यायचं."

"आणि मशीन?"

"माझ्याकडे जागा कुठे आहे? देऊन टाकू कुणाला तरी."

बाबा बराच वेळ मशीनच्या चाकावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं. शब्द दिला." त्यांना पटले होते असे नाही. ते फोन उचलून थकले होते, एवढेच.

त्याच आठवड्यात ऑफिसात गडबड झाली. नव्या सर्व्हरांची भर इतकी पडत होती की एकाला विचारपूस लावायची ताईंकडून राहूनच गेली. तो बंद पडला आणि बॅलन्सर बिचारा त्याच्याकडे माणसे पाठवत राहिला. लोकांच्या फोनवर कोरे पान. साहेबांनी बोलावून घेतले. ते रागावले नाहीत, तेच ताईंना जास्त लागले. "ताई, हे हाताने करायचे दिवस गेले आता," ते म्हणाले. "एक स्क्रिप्ट लिहा. सर्व्हर आला की त्याची विचारपूस आपोआप लागली पाहिजे."

ताईंनी स्क्रिप्ट, म्हणजे हे काम आपोआप उरकणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली, आणि चांगली लिहिली. नवा सर्व्हर नोंदला गेला की स्क्रिप्ट त्याला बघे आणि बॅलन्सरवर त्याची विचारपूस लावून मोकळी होई. कुणी विसरायचा प्रश्नच उरला नाही. अडचण एकच होती. प्रत्येकाची प्रकृती बघणे आता शक्य नव्हते. सगळ्यांना मिळून एकच नियम ठरवायचा होता. आणि नियम ठरवणाऱ्या ताई त्या आठवड्यातल्या ताई होत्या. त्यांनी लिहिले: सतत विचारायचे, उत्तर ताबडतोब आले पाहिजे, एकदा चुकला की बाद.

त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळे 'दमानं' म्हणत, कारण तो दिवसातून दहादा तेच म्हणे. पडद्यावर डोकावून तो म्हणाला, "ताई, जरा दमानं. एकदाच चुकला तर लगेच बाद?"

"चुकायचं कशाला पण? 'आहे' एवढंच तर म्हणायचंय," ताई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी दवाखान्यांच्या नव्या वेळा उघडत आणि लोक तुटून पडत. त्या सोमवारीही पडले. सर्व्हर कामात बुडाले. हातातले काम टाकून हाकेला ओ द्यायला एकाला किंचित उशीर झाला. तो बाद. त्याच्या वाट्याची माणसे बाकीच्यांवर पडली, म्हणून आणखी एकाला उशीर झाला. तोही बाद. मग पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे धडाधड सगळे बाद होत गेले आणि शेवटी बॅलन्सरजवळ माणसे पाठवायला एकही खिडकी उरली नाही. ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी एकेक सर्व्हर उघडून बघितला. एकही आजारी नव्हता. सगळे ठणठणीत होते, मान मोडून काम करत होते, आणि म्हणूनच उत्तर द्यायला त्यांना फुरसत नव्हती.

नियम सैल करायला एक ओळ बदलावी लागली. स्क्रिप्टने ती सगळ्यांना एका दमात लावली आणि सर्व्हर परत यादीत आले. 'दमानं' शेजारी उभा होता. त्या दिवशी मात्र तो काही बोलला नाही, आणि त्याचे हे उपकार ताई कधी विसरल्या नाहीत.

घाम पुसून त्यांनी घड्याळ बघितले आणि सवयीने बाबांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. काकूंचा फोन दुसऱ्याच कुणाशी बोलण्यात गुंतलेला. ताईंनी पर्स उचलली, साहेबांना दारातूनच सांगितले आणि बस पकडली. वाटभर मनात नको नको ते येत होते. आणि मध्येच, खोटे कशाला सांगायचे, हेही येत होते की बरे झाले, आता तरी बाबा घरी येतील. असे वाटल्याची त्यांना लगेच लाजही वाटली.

इमारतीच्या पायरीवर काकू बहिणीशी फोनवर गप्पा मारत बसल्या होत्या. ताईंना धापा टाकताना बघून त्यांनी फोन बाजूला धरला.

"काकू, बाबा फोन उचलत नाहीत. तुम्ही वर जाऊन आलात का?"

"कशाला? मशीन चालू आहे की."

ताईंनी कान दिला. धापेमुळे त्यांना आतापर्यंत ऐकूच आले नव्हते. वरून खड-खड-खड-खड असा आवाज येत होता.

"म्हणजे मी फोन करते तेव्हा तुम्ही वर जाऊन बघत नाही?"

"माझे गुडघे बघितलेस का? दिवसातून चारदा जिना चढू?" काकू म्हणाल्या. "छताकडे कान लावते. मशीन वाजतंय म्हणजे शिंपी बरा आहे."

"आणि पडले त्या दिवशी?"

"त्या दिवशी वाजलं नाही. म्हणून तर गेले."

ताई जिना चढू लागल्या. अर्ध्या जिन्यात मशीन थांबले. त्यांचे पायही तिथेच थांबले. मग उरलेल्या पायऱ्या त्या पळतच चढल्या आणि दार ढकलले.

एक गलेलठ्ठ गृहस्थ एका बाहीचा कोट घालून, हात पसरून उभे होते. बाबा त्यांच्या बगलेत वाकून दुसरी बाही लावून बघत होते. बाबांच्या ओठांत टाचण्यांची रांग होती. फोन पडद्यांच्या ढिगावर पडला होता. मुलीला बघताच बाबांचा चेहरा उतरला. या वेळी खरोखरच उतरला. त्यांनी एकेक टाचणी काढून मशीनवरच्या टाचण्यांच्या उशीत खोचली आणि मगच तोंड उघडले.

"वाजत होता गं. पण तोंडात टाचण्या होत्या." मग म्हणाले, "शब्द दिलाय, येतो मी. यांचा कोट तेवढा होऊ दे. परवा लग्नाला जायचंय त्यांना."

ताई तिथल्या स्टुलावर बसल्या आणि त्यांना रडू फुटले. गृहस्थांना कुठे बघावे कळेना. टाचण्या टोचतील म्हणून हातही खाली घेता येईना.

"अगं, येतो म्हटलं ना," बाबा घाबरून म्हणाले.

"तसं नाही हो बाबा. आज सकाळी मी माझे सगळे सर्व्हर माझ्याच हातानं बाद केले. चांगले होते सगळे. उत्तर का दिलं नाही, तर कामात होते."

बाबांना सर्व्हरातले ओ की ठो कळत नव्हते. त्यांनी विचारले, "मग? परत घेतलेस ना त्यांना?"

"घेतले."

"मग रडतेस कशाला?"

"तुम्हालाही तसंच बाद करायला निघाले होते म्हणून," ताई म्हणाल्या. "कुठे जाऊ नका. बाही लावा त्यांची."

 बाबांनी मान खाली घातली आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. बहुतेक या वेळी त्यांना बोलायचेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी स्क्रिप्ट नव्याने लिहायला घेतली. एका चुकीला कुणी बाद होणार नाही, आणि सगळेच एकदम आजारी दिसू लागले तर आधी विचारणाऱ्याचेच काही बिघडले आहे असे धरायचे. शिवाय नुसते "आहेस का?" विचारत बसायचे नाही, त्याच्या हातून काम बाहेर पडते आहे का, तेही बघायचे. 'दमानं'ने सगळे वाचले आणि म्हणाला, "हे कुणी शिकवलं?"

"बाबांच्या खालच्या काकूंनी," ताई म्हणाल्या. त्याला वाटले, काकू कॉम्प्युटरमधल्या असाव्यात.

बाबांना करायचे फोन आता दिवसाला एकावर आले आहेत. ताईंचा स्वभाव बदलला असे कुणी समजू नये. स्वभाव कुठे जातो? मध्ये एका दुपारी बाबांनी फोन उचलला नाही. ताईंनी जेवणाचा डबा धुतला, पुन्हा लावला, तरी नाही. तेव्हा त्यांनी काकूंना फोन केला.

"काकू, वर जाऊ नका. फक्त तुमचा फोन जरा छताकडे धरा."

काकू काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी हात वर केला. आधी नुसती खरखर आली. मग लांबून, भिंतींतून, खड-खड-खड. कापड फिरवण्यापुरते थांबले, पुन्हा सुरू झाले. शेजारच्या टेबलावरून 'दमानं' बघत होता. ताईंनी त्याला हातानेच गप्प राहायला सांगितले आणि कानाशी फोन धरून गरजेपेक्षा बराच जास्त वेळ ऐकत राहिल्या.