मैत्रीच्या सभेतला दुभाषी

धानोऱ्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होतो, तेव्हा एका दूरच्या देशाच्या दूतावासातले अधिकारी आमच्याकडे यायचं ठरलं. त्यांच्या देशाचं सैन्य त्या दिवसांत तिसऱ्याच एका देशात शिरलं होतं. टीव्हीवर रोज तेच. अशा वेळी इकडच्या लोकांचं मन वळवायला हे साहेब पुस्तकं वाटत, फिल्म दाखवत गावोगाव फिरत होते. "लढाईचा विषय निघता कामा नये," प्राचार्यांनी मला चार वेळा बजावलं. जणू गावाचं तोंड माझ्याच हातात होतं!

दुभाषी मीच. साहेब मैत्रीवर बोलत राहिले, मी घाम पुसत मराठी करत राहिलो. मग बसस्टँडजवळचे टेलरभाऊ उठले. हॉलचे नवे पडदे त्यांनीच शिवलेले, म्हणून ते पहिल्या रांगेत.

"सर, त्याइले विचारा, इथी पुस्तकं वाटून राह्यले अन् तिकडं बॉम्ब काऊन टाकून राह्यले?"

प्राचार्यांनी डोळे वटारले. मी इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे हिवाळा कसा असतो?" साहेब खुलले. हातवारे करून बर्फाचं वर्णन करू लागले.

"सर," टेलरभाऊ म्हणाले, "मी बर्फाचं विचारलोच नाई. 'स्नो' मले समजते."

सगळा हॉल हसला. काय झालं म्हणून साहेबांनी विचारलं, आणि वैतागून मी खरं ते सांगून टाकलं.

"याचं उत्तर माझ्याजवळ नाही," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ त्याच सैन्यात आहे. आई रोज त्याच्या फोनची वाट पाहते."

हे मात्र मी शब्दन्शब्द सांगितलं.

फिल्म कुणी धड पाहिली नाही. जाताना साहेब टेलरभाऊंच्या दुकानात शिरले, चहा घेत अर्धा तास बसले. मला बोलावलंही नाही. एकमेकांना काय समजलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी तणतणत दुकानात गेलो. "भाऊ, तुमच्यापायी झालं हे. आता तरी पटला का त्यांचा देश?"

"माणूस पटला," मशीन न थांबवता ते म्हणाले. "देशाचं मले नका विचारू. त्याचा भाऊ घरी यावा, एवढं म्हणतो. अन् ज्याइच्यावर बॉम्ब पडून राह्यले, त्याइलेबी भाऊ असतीनच ना, सर?"

मी कॉलेजात परतलो. खुलाशात मी लिहिलं, 'भाषांतरात चूक झाली,' आणि खाली सही केली.