पाण्यात मुंग्या येतात

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाताना घाट सुरू झाला की डाव्या हाताला एक रिसॉर्ट लागतं. सहा खोल्या, एक जेवणघर आणि मागे दगडी भिंतींच्या खोलीत गरम पाण्याचा गोल टब. चार माणसं बसतील एवढा. पाण्यात बुडबुडे सोडणारी मोटर आणि पाण्याखाली भिंतीत बसवलेला निळा दिवा. मालक मुंबईला असतात. त्यांनी या सगळ्याला ‘स्पा’ म्हणायचं ठरवलं आणि तशी पाटीही लावली. तिथलं वायरिंग, मोटर, तो दिवा, सगळं माझ्या हातचं. महाडच्या बाजारात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यांपासून दासगावच्या बोअरवेलपर्यंत तीस वर्षं मी हेच करत आलोय. हे मिरवायला सांगत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यात ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय माझ्याकडे नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दिवाळीची सुट्टी संपता संपता रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला. हा गडी पोलादपूरचाच, पण दहा वर्षं मुंबईच्या हॉटेलात काढून आलेला. त्यामुळे त्याचं कुठलंही वाक्य एका भाषेत पुरं होत नाही. “काका, टबातला लाइट फडफडतोय. कधी लागतो, कधी जातो. शामको गेस्ट आहेत, आजच्या आज करून द्या.”

मी बाराच्या सुमारास पोचलो. टबाच्या खोलीत साफसफाई करणारी बाई कोपऱ्यात ब्रश घेऊन उभी होती. वरच्या धनगरवाडीतली, चाळिशीची. रोज सकाळी तासभर उतरण चालत यायची, टबात कमरेइतक्या पाण्यात उभी राहून कडेचा बुळबुळीत थर घासायची आणि दुपारी परत चढून जायची. त्या खोलीला खिडकी एकच, ती पण वर. त्यामुळे घासताना ती पाण्याखालचा दिवा लावून घ्यायची.

मी बॅग खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, “दादा, जरा पाणी पण बघा. पाण्यात मुंग्या येतात.”

“मुंग्या? टबात?”

“तशा नाय. हातापायाला. झिणझिण्या. दांडीला हात लावला का जास्ती.” दांडी म्हणजे टबात उतरायला लावलेला स्टीलचा कठडा.

मॅनेजर मागेच उभा होता. “आठ दिवस हेच चाललंय हिचं,” तो म्हणाला. “काम नको म्हणून बहाणे. काका, तुम्हीच सांगा हिला.”

आता पाण्याखालच्या दिव्याचं एक गणित सांगायला हवं. तो घरातल्या दोनशे तीस व्होल्टवर चालत नाही. शेजारच्या पंपघरात एक ट्रान्सफॉर्मर असतो, तो विजेचा दाब बारा व्होल्टवर आणतो आणि तेवढीच वीज पाण्यात जाते. बारा व्होल्टने माणसाला काही होत नाही. दिव्यात पाणी शिरलं, वायर उघडी पडली तरी तो ट्रान्सफॉर्मर धड असेपर्यंत काळजी नाही. सगळी भिस्त त्या एका डब्यावर.

मी खिशातून टेस्टर काढला, त्याचं टोक पाण्यात बुडवलं, मग कठड्याला लावलं. पेटला नाही. “बघा वहिनी,” मी म्हटलं, “काही नाही. गरम पाण्यात फार वेळ उभं राहिलं की अंगाला असं होतं.” मी हसलोसुद्धा. मॅनेजर हसला. तिने एकदा टेस्टरकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मोठ्या विश्वासाने डोलावली. तेच आता डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या वेळी दिवा बंद होता. दिवा बंद म्हणजे त्याच्या वायरीत वीज नाही, आणि वीज नाही तर टेस्टर पेटेल कशाने? आयटीआयच्या पहिल्या वर्षातल्या पोरालाही हे कळतं. तिने सांगितलं होतं ते घासतानाचं, म्हणजे दिवा लावल्यावरचं. मी ऐकून घेतलं असतं तर बटण दाबायला किती वेळ लागणार होता? पण मला घाई होती, आणि खरं सांगायचं तर एका झाडलोट करणाऱ्या बाईने मला विजेबद्दल काही सांगावं हे मला रुचलं नव्हतं.

मग मी दिवा काढला. मागे वायरीचं वेटोळं जास्तीचं सोडलेलं असतं, त्यामुळे टब रिकामा न करता दिवा वर काठावर घेता येतो. काचेच्या आत पाण्याचे थेंब होते. रबराची रिंग चिरली होती. ती बदलली, आतून पुसून वाळवलं, परत बसवून बटण दाबलं. निळा उजेड पडला. मॅनेजर खूश, मी खूश. टेस्टर तोवर खिशात गेला होता. दिवा लागल्यावर मी तो परत बाहेर काढला नाही. पंपघराचं दार लावताना ट्रान्सफॉर्मरला हात लागला, तो नेहमीपेक्षा गरम वाटला. वाटला, आणि मी दार लावून घेतलं.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी सकाळी पुन्हा फोन. या वेळी मॅनेजर शुद्ध मराठीत बोलत होता. बाई पाण्यात दिवा लावून घासत होती. बाहेर यायला तिने कठडा धरला आणि हात सुटेना. ओरडायलाही आवाज फुटेना. स्वयंपाकी टॉवेल घ्यायला आत आला म्हणून कळलं. त्याने डोकं चालवलं, तिला हात न लावता पळत जाऊन मेन स्विच पाडला. जीव वाचला. तिला महाडला नेलं होतं.

मी गाडी काढली. वाटेत मनात एकच चाललं होतं: मोटर असेल, मोटरच असेल. मोटर मी बसवली असली तरी माझ्या दुकानातली नव्हती, मालकांनी मुंबईहून आणली होती.

मोटर नव्हती. दिवा बंद ठेवून मोटर चालवली, पाण्यात काही नाही. मोटर बंद करून दिवा लावला आणि मीटरची एक वायर पाण्यात, एक कठड्याला धरली. आकडा एकशे साठच्या वर गेला. जिथे शून्य असायला हवं होतं तिथे. मी बटण बंद केलं. मग पंपघरात जाऊन ट्रान्सफॉर्मर सोडवला. आत तारेची दोन वेटोळी असतात, एक दोनशे तीसचं, एक बाराचं, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध येता कामा नये. मेगर म्हणून एक यंत्र असतं, ते मधलं आवरण शाबूत आहे का सांगतं. मेगरचा काटा शून्याला जाऊन टेकला. आवरण कधीच गेलं होतं.

झाकण उघडलं. आत पत्र्यांच्या फटीत वाळलेला पिवळट चिखल होता. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने ‘ओके’ लिहिलेलं होतं. अक्षर माझं.

महाडबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्या बाजारात सावित्री नदी येते. येते म्हणजे दुकानात येते, माळ्यापर्यंत. पाणी ओसरलं की पहिला उपसायचा चिखल आणि मग माल. कपडेवाले कपडे धुतात, भांडेवाले भांडी. आम्ही इलेक्ट्रिकवाले मोटरी, स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर पाइपाखाली धुतो, गच्चीवर पंधरा दिवस उन्हात ठेवतो, लावून बघतो, आणि चालला की ‘ओके’ लिहितो. सगळे असंच करतात. कुणाला त्यात खोटं वाटत नाही. पुरातून काही वाचवलं याचाच आनंद असतो, आणि धुतलेली मोटर घरघरायला लागली की अख्खी आळी बघायला जमते. तारेच्या पोटात चिखल राहिला तर तो घाटातल्या ओल्या हवेत वर्षानुवर्षं दमट राहतो आणि एक दिवस आवरण खाऊन टाकतो, हे मला ठाऊक होतं. पण चालतंय ना, असं म्हणायची सवय झाली होती. रिसॉर्टचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, नवा ट्रान्सफॉर्मर पुण्याहून यायला आठ दिवस लागणार होते. हा हाताशी होता. मी तो बसवला आणि विसरलो. गळणारी वीज तोडणारा सेफ्टी स्विच त्या लायनीवर नव्हता. तोही नंतर बसवू म्हणून राहिला होता.

मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. “काका, मालकांशी बोलणं झालंय. पाय घसरला असं म्हणायचं. ओल्या फरशीवर घसरली, हात आपटला. तुम्हाला पण त्रास नको.”

मी तो डबा बॅगेत घातला.

पुढचे दोन दिवस मी तिथे जसं काम केलं तसं आधी केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. दिवा नवा आणला. जुन्या वायरीच्या टोकाला दोरी बांधून ती ओढून घेतली, आणि त्याच दोरीने नवी अखंड वायर पाइपातून आत घेतली, मध्ये कुठेही जोड नाही; जुनीचा पाण्याखालचा जोड उघडा पडला होता, वीज तिथूनच पाण्यात उतरत होती. मागे वेटोळं सोडलं. पितळी स्क्रू, नवं रबर. ट्रान्सफॉर्मर खोक्यातून पहिल्यांदा निघालेला. सेफ्टी स्विच बसवला आणि मुद्दाम गळती करून तो पडतोय हे तीनदा बघितलं. कठड्याचं अर्थिंग नव्याने केलं. शेवटी दिवा लावला, मीटर धरला, शून्य. तरी समाधान होईना. चपला काढून पाण्यात उतरलो, तिच्यासारखा कमरेपर्यंत, आणि कठडा धरला. पाणी छान कोमट होतं. मला रडू आलं.

ती घरी आल्याचं कळलं तेव्हा मी वर गेलो. गाडी जाते तिथपर्यंत गाडी, पुढे चढण. वाडीत सातआठ घरं. ती ओट्यावर बसली होती, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. तळव्यावर भाजल्याचा पट्टा होता आणि बोटं अर्धवट वळलेली, ना मिटत ना उघडत. नस गेली, डॉक्टर म्हणाले होते. अंगणात तिचा नवरा म्हशीचं दूध काढत होता आणि म्हैस त्याला दाद देत नव्हती. “हिच्या हाताची सवय हाय तिला,” तो मला म्हणाला. “माझ्या हातानं पान्हा सोडीत नाय.”

तिने मला बसायला सांगितलं, नवऱ्याला चहा टाकायला सांगितलं. आजूबाजूच्या बायका जमल्या तेव्हा कौतुकाने म्हणाली, “ह्या दादांनीच केलं सगळं नीट. आता तिथं कोणाला लागायचं नाय.” मग माझ्याकडे वळून, “माझंच कायतरी चुकलं असंल दादा. तुम्ही बघून गेलात, तुम्ही बोललात काय नाय, म्हणून तर मी रोज उतरत व्हते.”

हे मात्र मला झेपलं नाही. मी सांगून टाकलं. पाय घसरला नाही, तुमचं काही चुकलं नाही. डबा पुरातला होता, मी धुतलेला, मी लावलेला. आणि त्या दिवशी मी दिवा न लावताच तपासलं. एवढं एका दमात बोललो. तिचा नवरा चुलीपासून उठून दारात आला. मला वाटलं, आता मारील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिने डाव्या हाताने उजव्या हाताचं एक बोट सरळ करून बघितलं.

“बटण तिथंच व्हतं ना?” तिने विचारलं. “दाराजवळ?”

“हो.”

“मी सांगितलं व्हतं तरी.”

“हो.”

भरपाईचं मी काढलं तर तिने डाव्या हाताने नको म्हटलं, ते नंतर बघू. दुसरंच विचारलं. “असे डबे अजून किती धुतले व्हतेस?” तोवर ती मला अहोजाहो करत होती.

“चौदा,” मी म्हटलं. मोटरी, स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर मिळून चौदा.

“कुठं लावलेस?”

मी म्हटलं, आता कसं सांगणार, इतकी वर्षं झाली, गिऱ्हाईकं किती, कुठे कुठे गेले असतील.

“आठव,” ती म्हणाली. “इथं बस आणि आठव. आमचा हा लिवून घेईल.”

नवऱ्याने आतून पेन आणि औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा आणला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. मी आठवायला लागलो. दासगावच्या एका विहिरीवरचा पंप. हिरकणीवाडीतली एक खानावळ. महाडमधल्या शाळेजवळची पिठाची गिरणी. तो सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहीत होता. मी थांबलो की ती म्हणायची, “पुढं.” चहा तसाच गार झाला. उन्हं कलेपर्यंत नऊ ठिकाणं आठवली. उरलेली पाच अजून आठवलेली नाहीत.